भेरली माडाचं बी आणि गुऱ्हाळाची ऊब

१९ ऑक्टोबर

कसबा बावड्यात आत्याच्या परड्यात भेरली माड आहे, माशाच्या शेपटीसारख्या पानांचा पाम. यंदाचा घोस इतक्या खाली आलाय की साध्या शिडीवरून हात पोचतो. या झाडाचं गणित ठरलेलं असतं. दहा-पंधरा वर्षं नुसतं वाढायचं, मग शेंड्याजवळ पहिला तुरा, पुढचा त्याच्या खाली, असं उतरत उतरत सगळ्यात खालचा घोस पिकला की झाड वाळून जातं. बुंध्याला फुटवे येत नाहीत. नर्सरीत फिशटेल पाम म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा झुपक्यानं वाढणारा, ठेंगणा, वेगळ्या जातीचा असतो. हा एकदांडी, आपल्या सह्याद्रीतला. त्यामुळे रोपं हवी असतील तर बी रुजवणं आलं.

आत्याचं म्हणणं, "वाळला की कौलांवरच पडंल बघ. दिवाळी झाली की तोडायला माणूस सांगितलाय. तुला काय रोपं-बिपं करायची ती कर, पण घोस आत्ताच उतरवून ने."

नेला. पिकून लालसर झालेली फळं घेतली, हिरवी तिथेच टाकली. कच्च्या फळातलं बी पुरतं तयार नसतं.

सोबतीला फॅन पामचं बी घेतलं. राजारामपुरीत आमच्या मागच्या अपार्टमेंटच्या कंपाउंडमध्ये चायनीज फॅन पाम आहे, त्याखाली निळसर हिरव्या फळांचा सडा असतो. वॉचमन काकांनी पिशवी भरून दिली, वर "झाडून टाकायचं वाचलं" म्हणाले. हे बी रुजायला सोपं. ते आलं आणि माडाचं आलं नाही, तर दोष माझ्या मांडणीत नाही एवढं तरी कळेल.

२१ ऑक्टोबर

फळं बादलीत भिजत घातली होती, आज गर सोलायला काढला. माडाच्या फळाला हात लावण्याआधी जाड रबरी हातमोजे घालायचे, यात सूट नाही. गरात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या बारीक स्फटिकांचा खच असतो. ते कातडीत रुततात आणि मग जी खाज सुटते ती साबणानं जात नाही. अळूच्या पानानं घसा खवखवतो त्याचं कारणही हेच स्फटिक, इथे मात्र प्रमाण भलतंच. आमच्या घरी भांड्याला येणाऱ्या मावशी कुतूहलानं जवळ आल्या, त्यांना लांबूनच दाखवलं.

पद्धत साधी. भिजलेली फळं जाड वाळूसकट बारदानात बांधायची आणि फरशीवर चोळायची. साल आणि गर सुटला की तीन-चार पाण्यांनी धुवायचं. गर राहू दिला तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे बुरशीला खाऊ मिळतो. दुसरं, पिकल्या फळाच्या गरात बी रुजू न देणारी द्रव्यं असतात. रानात हे सोलायचं काम उदमांजर करतं. फळं खातं आणि धुतल्यासारखं स्वच्छ बी भलत्याच ठिकाणी टाकून जातं. त्याला खाज कशी सुटत नाही कोण जाणे.

२४ ऑक्टोबर

ऑनलाइन मागवलेलं फॉक्सटेल पामचं बी आलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या एका कोपऱ्यात मूळ असलेला हा पाम. शास्त्रीय नोंद १९८३ची, आणि आता पुणे-बेंगळुरूच्या प्रत्येक नव्या टाउनशिपच्या गेटवर हजर. पाकिटावर 'ताजं बी' असं छापलेलं. हातात घेतलं तर खुळखुळ्यासारखं वाजतंय.

प्रत्येक जातीचं एकेक बी करवतीनं कापून पाहिलं. दुसरा कुठलाही तपास याच्या जवळपास येत नाही. पाण्यात टाकून तरंगलेलं फेकून द्यायचं हा भाजीपाल्याच्या बियांचा नियम पामला लागू पडत नाही. कित्येक जातींचं चांगलं बीसुद्धा तरंगतं.

माडाचं बी कापल्यावर आत पाहतच राहिले. पांढऱ्या टणक गरात तपकिरी नागमोडी रेषा, हुबेहूब कातरलेली सुपारी. दोघंही पामच्याच कुळातले, दोघांच्या बियांच्या गरात सालाचा तपकिरी पदर असा घुसलेला असतो. कडेला एका बारीक पोकळीत मोहरीच्या दाण्याहून जरा लांबट, पांढरा, ओलसर भ्रूण बसलेला होता. पोकळी गच्च भरलेली. असं दिसलं की बी जिवंत.

फॉक्सटेलच्या बियात पोकळी होती, भ्रूण म्हणजे आतला वाळका तपकिरी धागा. दुसरं कापलं, तेच. विक्रेत्याला फोटो पाठवला, उत्तर आलं, "मॅडम, कोमट पाण्यात भिजवा." मेलेलं बी कोमट पाण्यानं उठत नाही. ज्वारी-भुईमूग आपण वाळवून पुढच्या हंगामाला ठेवतो. उष्ण आणि दमट प्रदेशातल्या बहुतेक पामच्या बियांना असं वाळणं सोसत नाही. पाम करायचाच तर झाड माहीत असावं आणि फळ आपण उतरवलेलं असावं, या मताची मी आता पक्की झाले आहे. फॉक्सटेल यादीतून गेला.

२६ ऑक्टोबर

पिशव्या भरल्या. कोकोपीटची वीट भिजवून दोनदा पाणी बदललं, कारण त्यात मीठ राहिलेलं असतं. मग मुठीत घेऊन दाबलं. बोटांमधून पाणी टपकलं तर फार ओलं, मूठ उघडल्यावर गोळा फुटून पडला तर फार कोरडं. गोळा टिकला आणि थेंब पडला नाही की झालं. थोडी ट्रायकोडर्मा पावडर (वाईट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळली, शेतीच्या दुकानात सहज मिळते.

झिपलॉक पिशवीत अर्ध्यापर्यंत हे मिश्रण, त्यात बी, हवा राहील अशी सैल बंद. वर मार्करनं नाव आणि तारीख. कुंडीपेक्षा पिशवी मला पटते. एक तर पाणी घालायचा मोहच होत नाही, दुसरं, उकरून न काढता आत काय चाललंय ते बाहेरून दिसतं.

९ नोव्हेंबर

आता खरा प्रश्न. पामच्या बियाला २९ ते ३५ अंश ऊब सगळ्यात मानवते, तीही खालून आणि सतत. आपल्याकडे उन्हाळ्यात ती फुकट मिळते, पण दिवाळीनंतर कोल्हापूरची रात्र पंधरा-सोळावर उतरते. दुपारी तीसला पोचतं आणि माणसाला वाटतं थंडी कुठे आहे. बियाला रात्रीचा हिशेबही लागतो.

घरभर थर्मामीटर घेऊन फिरले. गच्चीवर काळ्या टाकीच्या आडोशाला दुपारी ३३, पहाटे १६. फ्रिजच्या मागे २७, बऱ्यापैकी स्थिर. देवघराच्या कोनाड्यात समई असेपर्यंत २९, पण सासूबाईंनी एका नजरेतच नकार कळवला. वायफायच्या राउटरवर ३२! दिवसरात्र ३२. अडचण एकच, त्यावर जेमतेम एक पिशवी बसते आणि ती बसल्यावर घरात जो तो "नेट स्लो झालंय" म्हणून पिशवीकडे बघतो.

फॅन पामची एक पिशवी राउटरवर, एक गच्चीवर. माडाच्या पिशव्या फ्रिजमागे आणि गच्चीवर वाटून ठेवल्या. आत्याचा माड परवा तोडला.

३० नोव्हेंबर

राउटरवरच्या फॅन पामला कोंब. गच्चीवरच्या पिशवीत काही नाही. एकाच झाडाचं बी, एकाच दिवशी भरलेलं, पाणी तेवढंच. फरक उबेचा. माड दोन्हीकडे गप्प. गच्चीवरच्या माडाच्या पिशवीत पांढरी बुरशी दिसतेय. बी काढून धुतलं, दाबून पाहिलं, मऊ लागलं ते टाकलं, बाकीचं नव्या कोकोपीटमध्ये.

७ डिसेंबर

मामांचं गुऱ्हाळ पन्हाळ्याच्या रस्त्याला आहे. गूळ न्यायला गेले होते, थर्मामीटर पर्समध्येच होता.

चुलवाणात वाळलेलं चिपाड अखंड पडत असतं. वर काहिलीत रस उकळतोय, मळी काढणं चाललंय, वाफेनं शेड भरलेली. गूळ उतरवायची वेळ येते तेव्हा काहिलीतलं तापमान ११८ अंशांच्या आसपास असतं. गुळव्याला मात्र थर्मामीटर लागत नाही. चिमूटभर पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहिली की त्याला समजतं. मी भिंतीला थर्मामीटर टेकवत फिरतेय हे पाहून तो हसायला लागला.

चुलवाणाच्या कट्ट्यावर ५० च्या वर. तिथे बी शिजेल. काहिलीसमोरच्या भिंतीवर ४१. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, ठेवतात त्या खोलीची भिंत चुलवाणाच्या पाठीमागेच आहे. आतून हात लावला तर कोमट. फळीवर थर्मामीटर अर्धा तास ठेवला, ३३. संध्याकाळी निघताना पुन्हा पाहिला, ३२. हंगामात रात्रीही जाळ असतो, पहाटे थांबला तरी मातीची जाड भिंत ऊब धरून ठेवते. म्हणजे मला हवी तशी, सतत आणि वीजबिल न वाढवणारी.

मामांना विचारलं. "ठेव की. पण मुंग्या आल्या तर बियाला न्हाई, गुळाला लागतील. पिशव्या गच्च बांध," म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि काय गं पोरी, मजूर मिळंनात, ऊस परवडंना, आणि तू गुऱ्हाळात झाडं उबवणार?"

माडाच्या फ्रिजमागच्या सगळ्या पिशव्या तिकडे हलवल्या. गच्चीवरची तिथेच ठेवली, ताडून पाहायला.

२८ डिसेंबर

रव्यांची खोली भरली तेव्हा कुणीतरी जागा करायला एक पिशवी उचलून चुलवाणाच्या कट्ट्यावर ठेवली होती. आतलं बी मऊ, आंबूस वासाचं. ती गेली. बाकीच्या जागच्या जागी आहेत. मामांनी खिळा ठोकून पिशव्या फळीखाली टांगून दिल्या, आता कुणाच्या आड येणार नाहीत.

११ जानेवारी

माड उगवला. म्हणजे वर काही नाही, सगळं खाली.

पिशवीतून बाहेरूनच दिसलं. बियाच्या कडेची बारीक टोपी ढकलून जाड पांढरी दांडी बाहेर आली आहे आणि बियापासून लांब, सरळ खाली निघाली आहे. टोकाला किंचित फुगीर. कोंब आणि मूळ दोन्ही या फुगीर टोकात असतात. झाड बियाजवळ उगवत नाही, ही दांडी त्याला काही अंतरावर आणि खोलवर नेऊन सोडते. ताड, शिंदी, मदागास्करचा बिस्मार्किया, सगळे याच चालीचे. सुपारी आणि रॉयल पामचा कोंब मात्र बियाला चिकटूनच वर येतो.

जमिनीवर एक हिरवं टोकही नसतं आणि खाली वीतभर काम झालेलं असतं. 'दोन महिने झाले काही नाही' म्हणून लोक कुंडी उकरतात ते याच वेळी, आणि ही दांडी एकदा मोडली की पुन्हा येत नाही.

बी यात रिकामं होत नाही, आतून खाल्लं जातं. भ्रूणाचा एक भाग बियातच राहतो, स्पंजासारखा फुगतो आणि टणक गर विरघळवून रोपाला पोचवतो. मोड आलेला नारळ फोडल्यावर आत जो गोड, पोकळसर गोळा निघतो आणि ज्यासाठी पोरांची भांडणं होतात, तो नारळाच्या रोपाचा हाच अवयव. म्हणून रोपाला लटकलेलं बी ओढून काढायचं नाही. कित्येक महिने ते त्याचं जेवण असतं.

कोंब आलेलं बी उंच काळ्या पिशव्यांत लावलं. रुंदी कमी चालेल, खोली हवी. माती, वाळू, शेणखत. खत जुनं, वास नसलेलं. बी अर्धं वर, अर्धं मातीत.

२५ जानेवारी

सावंतवाडीहून जाऊबाईंच्या भावानं पिकलेल्या नारिंगी सुपाऱ्या पाठवल्या, साल न काढता. चिठ्ठीत लिहिलंय, "वहिनी, सोलू नका, देठाची बाजू वर ठेवून उभ्या लावा." सुपारीवाले पिढ्यान् पिढ्या अख्खं फळच लावतात आणि शेती संशोधन केंद्रंही तेच सांगतात, वजनदार फळं निवडा, ३५ ग्रॅमच्या वरची. गर सोलायचा माझा सगळा खटाटोप इथे लागू नाही. सुपारीचं साल काथ्यासारखं तंतुमय, त्यात सडण्यासारखा रसाळ गर कमी.

वाळूच्या ट्रेमध्ये देठ वर करून लावल्या, वर वाळूचा पातळ थर. ट्रे गुऱ्हाळात.

१६ फेब्रुवारी

ऊस संपत आलाय, पुढच्या आठवड्यात चुलवाण थंड होणार. गुऱ्हाळातल्या माडाच्या बियांपैकी निम्म्याहून जास्त फुटलं, उरलेल्यातलं एक कापून पाहिलं तर घट्ट आणि पांढरं आहे, म्हणजे वेळ घेतंय इतकंच. भेरली माड सगळा एका दमात येत नाही. एकाच घोसातलं बी महिनोन् महिने मागेपुढे उगवतं. रानातल्या झाडाचं यात हितच आहे, एखादं वर्ष कोरडं गेलं तरी सगळी पिढी जात नाही. घरी करणाऱ्यानं मात्र पिशवी फेकायची घाई करू नये.

गच्चीवरच्या पिशवीत अजून शून्य, आणि बुरशीनं पुन्हा काही बी गेलं.

१४ मार्च

गच्चीवर दुपारी ३७. ऑक्टोबरपासून झोपलेला फॅन पाम एकदम उठला, जवळजवळ सगळाच. माडाला तिथेही दोन-तीन ठिकाणी पांढरी दांडी. म्हणजे उन्हाळा येईपर्यंत बी गप्प राहून उगवू शकतं, पण मधल्या थंडीत ओलं राहिल्यानं माडाचं बरंचसं सडून गेलं. फॅन पामसाठी राउटर, गुऱ्हाळ काहीच लागत नाही. बी सोलून थंडीभर खोक्यात जरा ओलसर ठेवावं आणि शिमग्याला लावावं. माडासाठी मी पुढच्या वेळीही गुऱ्हाळच गाठेन.

सुपारीच्या ट्रेमध्ये वाळू फाटून हिरवट टोकं दिसायला लागली आहेत, बियाला अगदी लागून.

८ एप्रिल

माडाचं पहिलं पान! दुभंगलेलं, कडा कुरतडल्यासारख्या. इवल्याशा पानातही माशाच्या शेपटीचा आकार ओळखू येतो. सुपारीचंही पहिलं पान दुभंगलेलंच, पण कडा साफ. फॅन पामचं अखंड, उभ्या चुण्यांचं.

आमच्या बागकामाच्या ग्रुपवर एकानं सुचवलं, जिबरेलिक अॅसिडमध्ये (वाढीचं संजीवक) बुडवलं असतं तर लवकर आलं असतं. लवकर येतं कधीकधी, पण रोप लांबुडकं आणि लेचंपेचं होतं, काठीचा आधार लागतो. मला घाई नव्हती. आणि गुळाच्या खोलीत औषधाची बाटली नेली असती तर मामांनी मलाच बाहेर काढलं असतं.

२० मे

दोन वळीव झाले. ऊन कडक आहे, पण रोपं आंब्याखाली, वर हिरवी जाळी. पहिलं वर्ष दुपारचं थेट ऊन नको, पानं करपतात. कोरड्या हवेत पानाखाली लाल कोळी येतो, बारीक ठिपके आणि जाळ्याचा भास. रोज संध्याकाळी पानं खालून-वरून पाण्यानं फवारली, औषध लागलं नाही.

१९ जुलै

पाऊस लागून राहिलाय. पंचगंगा पात्राबाहेर आहे, बातम्यांत राजाराम बंधाऱ्याची पातळी दर तासाला. आमच्याकडे पाण्याचं भय नाही, गोगलगाईंचं आहे. एका रात्रीत सुपारीची दोन रोपं शेंड्यापर्यंत खाल्ली. अशा एकदांडी पामला एकच शेंडा. तो गेला की रोप गेलं, बाजूनं नवीन फूट येत नाही. रात्री टॉर्च घेऊन वेचणं हा खात्रीचा इलाज, मुलीला प्रत्येकी एक रुपया ठरवला आहे. ती हिशेबाला पक्की निघाली.

पिशव्या विटांवर उचलून ठेवल्या, तळाची भोकं मोकळी हवीत.

३१ ऑगस्ट

माडांना दुसरं पान आलं आहे. वाटप ठरलं. मामांच्या ओढ्याकडेला चार, तिथे पडायला कौलं नाहीत आणि हत्तीखेरीज कुणी तोडणार नाही. दोन गगनबावड्याला मैत्रिणीच्या शेताच्या बांधावर. त्या बाजूला हा माड रानात आपोआप असतो, पाऊसही त्याला हवा तितका. लावताना पिशवी फाडून मातीचा गड्डा न फोडता ठेवायचं, मुळं हलवायची नाहीत. सुपाऱ्या अजून वर्षभर पिशवीतच, त्यांना सावली करणारी केळी आधी वाढू देत.

गुऱ्हाळात टांगलेल्यापैकी शेवटची पिशवी अजून उघडी केलेली नाही. आत तीन बिया घट्ट आहेत. आता ती राउटरवर.

फॅन पाम मात्र गच्ची भरून झालेत आणि घेणारा कुणी नाही. वॉचमन काकांना विचारलं, त्यांनी हात जोडले. "ताई, एकाचंच झाडून कंबर गेली." गणपतीत मंडळाच्या पोरांना विचारणार आहे, वर्गणीबरोबर प्रत्येक घरी एक रोप खपवता आलं तर.